मांडवामागची बिडाची पेटी

लग्नानंतर परतणीला मी नवऱ्याला घेऊन माहेरी आले, तेव्हा आमच्या ओट्यावर गावातल्या बायका भांडी घेऊन बसल्या होत्या. गुंड, पराती, आणि एकीने तर सासूच्या वेळचं चिरलेलं घंगाळ आणलं होतं. जावई गॅसने धातू झाळतो एवढं त्यांच्या कानावर आलं होतं, आणि धातू झाळणारा म्हणजे कल्हईवाला, यात कुणालाच शंका नव्हती. नवऱ्याने हात जोडून सांगितलं की बाई, मी ट्रक झाळतो. त्यावर घंगाळवाली म्हणाली, "येवढा मोठा टरक झाळता तुमी, मंग माह्या घंगाळानं काय घोडं मारलं?" शेवटी त्याला ते घंगाळ झाळून द्यावं लागलं.

बाबांनी हे सगळं आतून ऐकलं. त्या दिवसापासून ते जावयाला डागवाला, म्हणजे फुटक्या भांड्यांना डाग देणारा, म्हणू लागले. तोंडावर नाही, तोंडावर "जवाईबापू". पण आईशी बोलताना "तुह्या डागवाल्याले चहा दे" असंच. आमचं गाव मूलच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये बसलेलं. बाबांच्या लेखी जगात दोनच धंदे होते, धान पिकवणं आणि धान न पिकवणं. दुसऱ्या धंद्यात डॉक्टर, मास्तर, तहसीलदार आणि माझा नवरा हे सगळे एकाच टोपलीत मोडत.

नवऱ्याला मी चारचौघांत "अवो" म्हणत असे आणि एकांतातही "तुमी"च म्हणत असे. लिहिताना मात्र "तो" म्हणणार आहे. जन्मभर "अवो" म्हटलेल्या बाईला कागदावर तेवढी सूट असावी.

तो नागपूरचा. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत लष्करी कारखान्यात गॅसचं काम शिकला. लढाई संपली, लष्कराने जुन्या गाड्या विकायला काढल्या, सागवानाच्या ठेकेदारांनी त्या घेतल्या आणि आमच्या जंगलात आणून सोडल्या. त्या गाड्यांच्या मागोमाग नवराही आलापल्लीला आला. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मुलूख चांद्यातच होता, आणि सगळ्या मुलखातले रस्ते सारखेच वाईट होते. ज्या गाड्या तोफगोळ्यांना पुरून उरल्या त्यांना आमच्या नाल्यांनी नमवलं. सागवानाचे लठ्ठे लादून गाडी नाल्यात उतरली की कुठेतरी कट् वाजायचं आणि ड्रायव्हर कपाळाला हात लावायचा.

तडा गेल्यावर गाडी थेट आमच्याकडे येई असंही नाही. आधी ड्रायव्हर स्वतःची डॉक्टरकी करून बघत. तेल गळत असेल तर साबण आणि गूळ कुटून लिंपायचा. एटापल्लीकडून एक गाडी आली होती, तिच्या चासिसला मोहाच्या लाकडाची फळी लावून वेलींनी आवळली होती, मोडक्या पायाला बांधतात तशी. नवऱ्याने ती फळी सोडवली आणि दिवसभर येईल त्याला दाखवत बसला.

दाखवणं हा त्याचा आवडता उद्योग. काम त्याला येत होतं, यात वाद नाही. पण हातापेक्षा तोंड दुप्पट चाले. आणि त्याची चूक म्हणून कधी होत नसे. जोड सुटायचे, कुणाचे सुटत नाहीत? पण दोष झाळायच्या कांडीचा असे, नाहीतर कार्बाइड ओलं निघालेलं असे, नाहीतर ड्रायव्हरने मुद्दाम खड्डे शोधून गाडी घातलेली असे. एकदा हौसेने त्याने स्वतः चहा केला. तो फाटला, तर दोष शेळीचा निघाला. मी त्या शेळीची बाजू घेऊन भांडले आणि हरले.

आमची टिनाची एकच शेड होती. अर्ध्यात घर, अर्ध्यात वर्कशॉप. मी हे काम शिकले ते आवडीने नव्हे, त्यापासून पळायला दुसरी खोलीच नव्हती म्हणून. कार्बाइडच्या डब्यात थेंबथेंब पाणी सोडून गॅस करायचा, ते काम माझ्याकडे असे. त्या गॅसला सडक्या लसणाचा वास येतो. माझ्या केसांना, लुगड्यांना, लोणच्याच्या बरणीलासुद्धा तो वास होता. माहेरी गेले की आई मला आधी न्हाऊ घाले आणि मग जवळ घेई.

याच शेडमध्ये मला बीड कळलं. बीड म्हणजे ओतीव लोखंड. पोलाद वाकतं, ताणलं जातं, दोन शिव्या ऐकून घेतं. बीड वाकत नाही, एकदम तडकतं. गरम बिडाला गार वारा लागला किंवा पाण्याचा शिंतोडा उडाला तरी त्याचे दोन तुकडे होतात. म्हणून बीड झाळायचं तर आधी सगळा भाग निखाऱ्यांत तापवायचा, तापलेला असतानाच झाळायचा आणि मग गरम राखेत, धानाच्या कोंड्यात पुरून आपोआप गार होऊ द्यायचा. त्याला रात्र लागली तर रात्र लागू द्यायची. "बीड बाळंतीण असते," नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "तिले वारा लागू द्याचा नसते." मी म्हणे, तुमाले बाळंतिणीचं काय मालूम? मला तरी बीड बाबांसारखं वाटे, अजिबात न वाकणारं.

तर माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. नवरदेवाचं गाव वैनगंगेपलीकडे, चामोर्शीच्या अंगाला. मुहूर्त दुपारचा. बैलबंड्यांनी वऱ्हाड आणायचं तर आदल्या दिवशी निघायला हवं, नदीची तापलेली वाळू तुडवायला हवी, वाटेत मुक्काम. बैठकीत याच गोष्टीवर खल चालला असताना माझा नवरा मध्येच म्हणाला, "बंड्या कायले? मी टरक आणतो."

बैठक गार झाली. आमच्या पंचक्रोशीत ट्रकने वऱ्हाड आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. नवरदेवाकडची मंडळी तर खुलली. बाबा तेवढे सुपारी कातरत राहिले. बाबा वेळेचे फार पक्के. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात मुहूर्त टळला म्हणून ते न जेवता परत आले होते आणि आठवडाभर भावाशी बोलले नव्हते. सुपारी कातरून झाल्यावर त्यांनी विचारलं, "अन् गाडी बंद पडली तं?"

"मामाजी, माह्या हाताखालची गाडी बंद पडत नाई," नवरा म्हणाला.

या एका वाक्यावर नवरदेवाकडच्यांनी आपल्या बंड्या दुसऱ्या लग्नाला देऊन टाकल्या. लग्नसराईचे दिवस, बंडी रिकामी कोण ठेवतो? म्हणजे आता बहिणीचं लग्न वेळेवर लागणं सगळं त्या ट्रकवर आलं. नवरा खुशीत होता. मी मात्र त्या गाडीचे तडे मोजलेले होते.

ठेकेदाराने गाडी दिली, ड्रायव्हर दिला. ड्रायव्हर सिरोंचाचा, बोलणं अर्धं तेलुगू, स्वभाव शांत. लग्नानंतर नवऱ्याला परस्पर एका लाकडाच्या डेपोवर कामाला जायचं होतं, म्हणून गॅसचं सगळं सामान गाडीतच घेतलं होतं. माझी पत्र्याची पेटी, आहेराची लुगडी, ऑक्सिजनची नळकांडी आणि कार्बाइडचा डबा, असे आम्ही लग्नाला निघालो. वैनगंगेचं कोरडं पात्र ओलांडून गाडी काठावर चढायला लागली आणि खालून कट् वाजलं. एका खडकाने गिअरबॉक्सची बिडाची पेटी खालून फोडली होती. ड्रायव्हर "अय्यो" म्हणून खाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

कशीबशी गाडी गावात पोचली. गल्लीभर आमच्या मागे तेलाची रेघ उमटली. लग्नघरापुढे बायका सडा घालत होत्या, त्यांच्या सड्याला आमची रेघ जाऊन मिळाली. बाबा बाहेर आले. त्यांनी आधी सूर्याकडे पाहिलं, मग गाडीखाली पाहिलं.

"हे काय होय?"

"काई नाई मामाजी. परवा लगन आहे ना? उद्या सांजेपावेतो होऊन जाते."

मांडवाच्या मागे, आचाऱ्यांच्या चुलींपासून जरा दूर, नवऱ्याने जागा धरली. त्याच दिवशी त्याने आणि ड्रायव्हरने गिअरबॉक्स उतरवला, आतली चाकं काढून रॉकेलमध्ये धुतली. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डा खणला, कोळसा पेटवला. मूलच्या राइस मिलमधून बंडीभर कोंडा आला. बुंदी पाडणारे आचारी हातातला झारा तसाच ठेवून बघायला आले.

नवऱ्याला इतके प्रेक्षक जन्मात मिळाले नव्हते. तड्याच्या दोन्ही टोकांना त्याने बारीक भोकं पाडली आणि सांगितलं की तड्याला इथून पुढे जायची मनाई आहे. मग छिन्नीने तडा उकरून त्याची नाली केली. काळा चष्मा चढवला, सुहागा, म्हणजे टाकणखार, टाकला, बिडाची कांडी घेतली आणि निळी ज्योत लावली. मी डब्यावर पाणी सोडत होते. वास सुटल्यावर माझी आत्या चुलीपाशी जाऊन आचाऱ्यांना विचारून आली की लसूण कुठे सडला आहे. नवरा झाळता झाळता बाळंतिणीचं व्याख्यान देत होता आणि मांडवातली निम्मी माणसं कामधंदा सोडून ते ऐकत होती. बाबाही जरा लांब, मांडवाच्या मेढीला टेकून उभे होते. मला वाटलं होतं ते आचाऱ्यांवर लक्ष ठेवून आहेत.

उन्हं कलली तेव्हा जोड पुरा झाला. इतका देखणा जोड मी त्याच्या हातून क्वचित पाहिला होता. लाली उतरून पेटी काळी दिसत होती, पण जवळ गेलं की चेहरा भाजत होता. ती खड्ड्यात ठेवून वरून कोंडा पसरायचा बाकी होता. कोंड्याची पोती घराच्या पुढच्या अंगाला टाकली होती. नवरा आणि ड्रायव्हर ती आणायला गेले. मी हात धुवायला विहिरीवर गेले.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. लोहाराने फाळ पाजळला, बंडीच्या चाकावर धाव चढवली की त्या वस्तूवर तिथल्या तिथे नारळ फोडायचा. धाव म्हणजे चाकाची लोखंडी पट्टी. ती लालबुंद तापवून लाकडी चाकावर चढवतात आणि वरून घडेच्या घडे पाणी ओततात. लोखंड आवळतं, चाक घट्ट होतं. मग हळदकुंकू आणि नारळ. बाबांनी लहानपणापासून हेच पाहिलं होतं. तापलं लोखंड आणि पाणी एकत्र आलं की काम पक्कं होतं, हे त्यांना ठाऊकच होतं. आणि दूरवरच्या मेढीवरून त्यांना व्याख्यान कितपत ऐकू आलं देव जाणे.

मी घडा उपसत असताना बाबा खड्ड्याकडे जाताना दिसले. त्यांनी अंघोळ केली होती, धुतलेलं धोतर नेसले होते, एका हातात हळदकुंकवाची वाटी आणि दुसऱ्या हातात नारळ. डागवाल्याच्या कामाला बाबा नारळ फोडायला निघाले होते. माझा ऊर भरून आला. आणि दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं की ते नारळ कशावर फोडणार आहेत. मी "बाबा, नोको" म्हणून ओरडले तोवर नारळ फुटला होता. पाणी चर्रकन उडालं आणि पाठोपाठ आवाज आला, टण्.

तो आवाज आमच्या धंद्यातल्या माणसाला कधी विसरता येत नाही. मी धावत आले. पेटीवर जोडाच्या बाजूने नवीन तडा गेला होता, पहिल्यापेक्षा लांब. बाबा नारळाची दोन भकलं हातात धरून उभे होते. चेहऱ्यावर इतकं गोंधळलेपण मी त्यांच्या कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात खांद्यावर पोतं घेऊन नवरा आला. त्याने पेटीकडे पाहिलं, भकलांकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं होतं, हे मला दिसत होतं. त्याच्या मागोमाग मांडवातली माणसं जमा झाली. आत्याने विचारलं, "काय फुटलं जी? कोनं फोडलं?"

मी तोंड उघडणार होते. त्याआधी नवऱ्याने पोतं खाली टाकलं आणि म्हणाला, "माहा जोड कच्चा राह्यला. माहीच चूक झाली."

फाटलेल्या चहासाठी शेळीला दोषी ठरवणारा माणूस हे म्हणाला. मग तो बाबांकडे वळला. "नारळ साजरा निंगाला मामाजी. परसाद वाटा." बाबा यंत्रासारखे खोबरं फोडून वाटू लागले. माणसं खोबरं खात खात पांगली. जाता जाता एक जण म्हणालाच, "गाडी बंद पडत नाई म्हणे." दोघेतिघे हसले.

माझं डोकं फिरलं. त्याला गोठ्याच्या भिंतीआड ओढलं आणि फडाफडा विचारलं, "काऊन खोटं बोलले तुमी? सारं गाव हासून राह्यलं तुमाले. मी आता जाऊन सांगतो सगळ्याइले, का बाबानं—"

"काई सांगू नोको," तो म्हणाला. "मी या गावात लगनापुरता येतो न् जातो. तुले दरवर्षी मायेरी याचं असते ना?"

माझा राग कुठे गेला कळलं नाही आणि मला रडू फुटलं. मी त्याला सांगितलं की कार्बाइडच्या वासाने डोळे झोंबताहेत. त्याने मान डोलावली आणि डबा भरायला सांगितलं. मला तो माणूस त्या दिवशी जितका आवडला तितका आधी कधी आवडला नव्हता, आणि हे त्याला सांगितलं असतं तर तो आणखी दहा वर्षं फुगून फिरला असता, म्हणून सांगितलं नाही.

कार्बाइड थोडंच उरलं होतं. पुन्हा कोळसा पेटवला, पुन्हा पेटी तापवली, नवीन तडा उकरला. या वेळी व्याख्यान नव्हतं. मी पाणी थेंबाथेंबाने सोडत होते आणि डब्यातली खदखद कमी होत चाललेली ऐकत होते. शेवटच्या बोटभर जागेला ज्योत फुरफुरायला लागली. नवरा दात खाऊन कांडी फिरवत होता. जोड मिळाल्यासारखा दिसला आणि ज्योत पुक् करून विझली. दिवेलागणीला पेटी राखेत, राखेवर कोंडा, कोंड्यावर पोती, अशी नीट झाकून झाली.

"आता हे उद्या सकाळपावेतो उघडता येत नाई," नवरा ड्रायव्हरला हळूच म्हणाला. "मंग बसवाले दुपार होते. दुपारचा मुहूर्त काई सापडत नाई."

आमच्या मागे बाबा उभे होते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. वळून पाहिलं तर ते खांद्यावर उपरणं टाकून झपाझप निघून चालले होते. मला वाटलं, आता हे पुतण्याच्या लग्नासारखं काहीतरी करणार. रागावून शेतात जाऊन बसणार आणि मुलीच्या लग्नाला बापच नसणार. आईने विचारलं कुठे गेले, तर मी म्हटलं येतील.

ते गेले होते जोशीबुवांकडे. जोशीबुवा ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षं सांगत. बाबांनी दारातूनच सांगितलं की दुपारचा मुहूर्त मोडा आणि गोरजाचा काढा. जोशीबुवा म्हणाले, दुपारचा योग सुरेख आहे, कारण काय? बाबा म्हणाले, "बीड गार व्हाचं आहे." जोशीबुवांना पंचांगात असा योग सापडेना. पण बाबा दारातून हलेनात. शेवटी गोरज निघाला. एक माणूस सायकलवर नदीपलीकडे निरोप घेऊन गेला, आणि ज्यांनी आयुष्यात कुणासाठी मुहूर्त थांबू दिला नव्हता ते बाबा घरी आले, एक बाज उचलली आणि कोंड्याच्या ढिगापाशी टाकून काठी घेऊन बसले.

सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा ते तिथेच होते. मिशांत कोंडा, डोळे लाल. आत्या तुळशीला पाणी घालायला तांब्या घेऊन त्या बाजूने आली, तर त्यांनी काठी आडवी धरली.

"तिकडून जा. पाणी घेऊन इकडे येऊ नोको."

"काऊन भाऊ?"

"बाळंतीण आहे ते."

म्हणजे मेढीवरून व्याख्यान ऐकू आलं होतं, निदान अर्धं. सकाळभर त्यांनी एक कुत्रं, दोन शेळ्या, हळदीचं पाणी शिंपडत निघालेल्या करवल्या आणि पाण्याची घागर घेऊन जाणारा आचारी, असे सगळे हाकलले. शेवटी माझा नवरा पेटी गार झाली का पाहायला पोतं उचलू लागला, तर त्याच्या हातावरही काठी टेकली.

"अजून गरम आहे."

"मामाजी, मले पाहू तं द्या."

"मी हात लावून पाह्यला. थोडा वेळ राहू द्या."

ज्याने जोड दिला तो बाजूला उभा, आणि ज्याने तोडला तो पेटीचा मालक. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी पदर तोंडाला लावला. बरं, बाबांचं म्हणणं बरोबरही होतं. पेटी आतून गरमच होती. आणखी काही वेळाने त्यांनी परवानगी दिली, तेव्हा पोती, कोंडा, राख बाजूला झाली. जोड शाबूत होता. बाबांनी वाकून त्यावरून अंगठा फिरवला आणि बाज उचलून घरात गेले. नारळाबद्दल एक अक्षर नाही.

दुपारी पेटी बसवून गाडी निघाली. नवरा बरोबर गेला. नंतरची दुपार मला जन्मभराइतकी मोठी वाटली. बहीण हळद लावून आत बसली होती. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. "बाई, येतीन ना व ते?" असं तिने मला किती वेळा विचारलं असेल. मी येतील म्हणत होते आणि मनातल्या मनात गाडी वाळूत उतरवत होते, खडकावरून चढवत होते, कट् ऐकत होते. ज्योत विझली तेव्हा तो बोटभर जोड खरंच मिळाला होता की नाही, हे मला आणि नवऱ्यालाच ठाऊक होतं. खरं म्हणजे आम्हालाही नव्हतं. बाबा गावाच्या वेशीवर जाऊन उभे राहिले होते आणि रस्त्यावरून नजर काढत नव्हते.

गुरं परतायला लागली. मांडवात जोशीबुवा मावळतीकडे बघत चुळबुळ करू लागले, तेव्हा मीही वेशीवर गेले. आणि गुरांच्या धुळीच्या मागे आणखी एक धूळ दिसली. मग भोंगा, मग वाजंत्री. ट्रकच्या टपावर डफवाले बसले होते. मागे वऱ्हाड दाटीवाटीने उभं, बाशिंगासकट नवरदेव धुळीने एकाच रंगाचा झालेला. फळीवर लोंबकळत, काळा चष्मा कपाळावर चढवून, जणू ही गाडी त्यानेच जन्माला घातली अशा तोऱ्यात माझा नवरा उभा होता. मी मागून कुणाला तरी घट्ट धरलं. ती आत्या होती.

नवरदेवाचे वडील खाली उतरले. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. इवाई तापलेले होते. बाबा सामोरे गेले तर त्यांनी भेट घेतली नाही. "दुपारपासून आमचं वऱ्हाड उन्हात ताटकळून राह्यलं," ते म्हणाले. "मुहूर्त कोनी बदलला, काऊन बदलला, काई मालूम नाई. कुठी आहे तो, गाडी बंद पडत नाई म्हणणारा?"

नवरा पुढे आला. "मीच होय जी. माहा जोड कच्चा—"

"थांबा जवाईबापू," बाबा म्हणाले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि साऱ्या वऱ्हाडासमोर, साऱ्या गावासमोर इवायाला हात जोडले. "जोड कच्चा नोता. मी तापल्या बिडावर नारळ फोडला. उशीर माह्यापायी झाला."

मुलीच्या बापाने भर वेशीवर असं बोलणं म्हणजे काय, हे त्या काळच्या माणसाला सांगावं लागत नाही. नवरा मात्र गप्प बसणाऱ्यातला कुठला?

"नाई जी, मामाजी उगाच सांगून राह्यले. कच्चाच होता."

"पक्का होता."

"कच्चा होता, मामाजी. जोड कोनं देला, तुमी का मी?"

"अन् नारळ कोनं फोडला, तुमी का मी?"

"तुमाले झाळाईतलं काय समजते?"

"मले नारळातलं समजते," बाबा म्हणाले.

दोघांचे आवाज चढले. इवाई एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होते. त्यांचा राग उभ्या उभ्या कुठेतरी सांडून गेला होता. शेवटी त्यांनी दोघांच्या मध्ये हात घातला. "मी कोनावर रागावू ते तं ठरवा आधी," ते म्हणाले, आणि ट्रकवरचे डफवालेसुद्धा हसायला लागले. सगळ्यांत मागे ड्रायव्हर बोनेटवर डोकं टेकून हसत होता.

जोशीबुवा मांडवातून ओरडत आले की सूर्य बुडाला तर मला बोल लावायचा नाही. एकच धांदल उडाली. कुणी नवरदेवाची धूळ झटकली, कुणी बहिणीला बाहेर आणलं, अंतरपाट धरला गेला. वेशीपासून मांडवापर्यंत बाबांनी माझ्या नवऱ्याचं मनगट धरून त्याला जवळजवळ ओढत आणलं. मांडवातही सोडलं नाही. त्याला आपल्या शेजारी उभं केलं. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता वाटल्या गेल्या, आणि तरीही त्यांचा उजवा हात जावयाच्या मनगटावरच राहिला. ते दोघं अजून पुटपुटत होते. मला मध्येच "कच्चा" ऐकू येई, मध्येच "पक्का".

सावधान झालं. बाबांनी डाव्या हाताने अक्षता टाकल्या. आत्या हळूच म्हणाली, "भाऊ, डाव्या हातानं नाई टाकत जी."

"टाकतो," बाबा म्हणाले, आणि डाव्या हातानेच पुन्हा अक्षता घेतल्या.